कमी आकड्याचं कौतुक

सोमवार

ही वही घेतली तेव्हा ठरवलं होतं, रोज लिहायचं. मग म्हटलं, आधी चांगलं पेन मिळू दे. पेन मिळालं तर म्हटलं, लिहिण्यासारखं काही घडू दे. घडायला लागलं तेव्हा म्हटलं, संपू दे, मग एकदमच लिहू. असं करता करता कव्हरवरच्या मांजराचे डोळे घासून गेले आणि आत एक अक्षर नाही. खरं तर हिच्यात प्रवासवर्णन लिहायचं होतं. प्रवास झाला तो बस स्टँडपासून ताईच्या घरापर्यंत. दोन-चार दिवस राहीन म्हणून आले, ती अजून इथेच आहे. ताई मला भिंगरी म्हणते. बरोबर आहे. भिंगरीही जागच्या जागीच गरगरते.

मागच्या आठवड्यात जेवताना भाऊजींनी विचारलं, "मग मेहुणीबाई, पुढचा काय बेत?" पाहुण्याला घालवायची ही सभ्य तऱ्हा. म्हणून नोकरी धरली. याआधी मी खेळण्यांच्या दुकानात होते, नावेच्या तिकीटखिडकीवर होते, एका बाईची कुत्री फिरवायचे (त्यातलं एक माझ्यापेक्षा जास्त शिकलेलं होतं, त्याच्याकडे सर्टिफिकेट होतं). आता लहान मुलांच्या हॉस्पिटलात रक्ताच्या नळ्या वॉर्डातून लॅबमध्ये पोचवते. नळ्या बर्फाच्या डब्यात असतात. डबा आइस्क्रीमवाल्यासारखा दिसतो, त्यामुळे पोरं आधी खूश होतात आणि मग भोकाड पसरतात.

ज्यांच्यासाठी हा डबा वाहायचा, त्या डॉक्टरांचं नाव मी बगळा ठेवलंय. उंच, पांढरा कोट, विचार करताना भिंतीला टेकून एका पायावर उभे राहतात. तीन वर्षांच्या पोरालाही "तुम्ही" म्हणतात. "तुमचा हात देता का जरा?" पोर चक्रावून हात देतं. काहीही विचारा, उत्तर एकच: "अजून सांगता येत नाही." एवढी वर्षं शिकून ‘सांगता येत नाही’! मी तर न शिकताच म्हणू शकते.

त्यांचं संशोधन चाललंय. व्हायरल तापाने आजारी पडलेल्या मुलांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल मोजायचं आणि कोणाचा आजार किती वाढतो ते बघायचं. कोलेस्टेरॉल! पोरांचं! ज्यांना नाक शिंकरता येत नाही त्यांचं! पहिल्या दिवशी त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. त्या वेळी खिडकीबाहेर एक माणूस पाण्याच्या टाकीवर चढत होता, मी तो पडतो का बघत होते. पडला नाही. तेवढ्यात बगळ्याचं बोलणं संपलं, मी मान डोलावली. त्यात कळायचं काय एवढं? ज्याचं जास्त तो जास्त आजारी, ज्याचं कमी तो बरा. आमच्या भाऊजींच्या घरात राहणाऱ्या माणसाला हे शिकवायला डॉक्टर लागत नाही.

बुधवार

भाऊजींच्या घराबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर पुढे कोणी विश्वास ठेवणार नाही.

त्यांचं कोलेस्टेरॉल दोन वर्षांपूर्वी वाढलेलं निघालं. तेव्हापासून या घरात तेल ओतत नाहीत, अत्तरासारखं फवारतात. बटाटे उकडतात, कोबी उकडतात, भाऊजींचं चाललं असतं तर त्यांनी पावही उकडला असता. लोणी हा शब्द मोठ्याने काढायचा नाही. अंडं उकडलं की भाऊजी सुरीने चिरतात आणि पिवळा बलक चमच्याने उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकतात, साप मारल्यासारखा चेहरा करून. सगळ्यांचे कोलेस्टेरॉलचे आकडे फ्रिजवर चुंबकाने लावलेले. भाऊजींचे, ताईचे आणि खारूचेसुद्धा. खारू म्हणजे माझी भाची, वय वर्षं पाच, दोन दात पुढे, सगळं दोन्ही हातांत धरून कुरतडते, म्हणून खारू. दोन महिन्यांपूर्वी कुठल्याशा तपासणी शिबिरात भाऊजींनी तिचंही रक्त काढवलं. इतर बाप पोरीला बाहुली आणतात.

मी आणि खारूने यावर तोड काढलीय. रविवारी अंडी होतात. भाऊजींची पाठ वळली की डब्यात पडलेल्या बलकांपैकी सगळ्यात वरचा, स्वच्छ, आमचा. ती त्याला "पिवळं" म्हणते आणि मला "माऊ". ओट्याच्या आडोशाला बसून दोघी अर्धं अर्धं खातो. ओठांना लागलेलं पुसायला ती माझाच कुर्ता वापरते.

आज ताईजवळ मी भाऊजींची नक्कल केली. ती हसली नाही. म्हणाली, "त्यांचे बाबा चाळिशीत गेले गं. हॉस्पिटलच्या जिन्यातच. हे सोबत होते, दहावीत." मी म्हटलं, प्रत्येकाचं कोणी ना कोणी जातंच. माझ्या एवढ्या नोकऱ्या गेल्या, मी काय बटाटे उकडत बसले? ताईने भांडी जरा जोरात आपटली. भाऊजी तेव्हापासून हॉस्पिटलची पायरी चढत नाहीत म्हणे. खारूच्या जन्माच्या वेळीही फाटकाबाहेर उभे होते. रक्त काढायला माणूस घरी बोलावतात. नखरे.

गुरुवार

जेवताना नोकरीबद्दल विचारलं, म्हणून सांगितलं. कोलेस्टेरॉल आणि पोरांचे ताप असं म्हटल्यावर भाऊजींच्या डोळ्यांत दिवेच लागले. घास तसाच हातात.

"मग? काय निघालं त्यात?"

"निघायचं काय? कमी असलं की आजार हलका."

"बघ!" ताईकडे वळून म्हणाले, "मी सांगतो तेव्हा मी वेडा. आता हॉस्पिटलवालेच म्हणतायत."

त्या आनंदात त्यांनी मला उकडलेला कोबी वाढला. म्हणजे या नोकरीचा उपयोग झाला म्हणायचा.

शनिवार

खारूला कालपासून ताप. अंग तव्यासारखं. डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणते. डोळ्यांच्या मागे काय असतं, असं मी तिला विचारलं तर म्हणाली, "उशी." गल्लीतल्या डॉक्टरांनी बघितलं, व्हायरल आहे म्हणाले, पाणी पाजा, ताप उतरला नाही तर रक्त तपासू. गल्लीत बऱ्याच घरांत हाच ताप आहे, डास झालेत.

भाऊजी तासातासाला थर्मामीटर लावतायत. पोरीपेक्षा बापच जास्त गरम.

रविवार

अंडी झाली. खारूने तोंड फिरवलं. "पिवळं?" मी कानात विचारलं, तर नको म्हणाली. तिच्या वाटचंही मीच खाल्लं. चव लागली नाही. बहुतेक अंडी शिळी होती.

मंगळवार, सकाळ

उतरला एकदाचा ताप. घरावरचा दगड बाजूला झाला.

काल भाऊजींनी रक्त काढायला घरी माणूस बोलावला होता. गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या बाजूला, यांनी सगळंच्या सगळं करून घेतलं. आज निकाल आला. प्लेटलेट की काय त्या कमी आहेत, "त्या तापात होतातच." पण कोलेस्टेरॉल नव्वद! भाऊजी पेपरवाल्याकडून लॉटरीचा निकाल आणावा तसे नाचत आले.

"एकशे बासष्ट होतं शिबिरात. आता नव्वद! मेहुणीबाई, तुमच्या डॉक्टरांच्या हिशेबाने हे काय झालं?"

"एक नंबर झालं," मी म्हटलं.

लगेच कागद फ्रिजवर. लगेच सगळ्या नातेवाइकांना फोटो. मिठाई वाटायचीच बाकी होती, पण त्यात कोलेस्टेरॉल असतं.

पोरगी मात्र सोफ्यावर ओल्या फडक्यासारखी पडलीय. पोट दुखतं म्हणते. सकाळपासून दोनदा ओकली. हात गार लागले, पण ताप उतरला की हात गार होणारच. लाड करून घ्यायचेत, दुसरं काय. मी तिच्या वयाची असताना ताप गेला तरी दोन दिवस कण्हायचे.

कामावर निघते. आज बगळ्याला ही गंमत सांगते. हसताना बगळा कसा दिसतो ते बघायचंय.

बुधवार, हॉस्पिटलात, वॉर्डाबाहेरचं बाकडं

बगळा हसला नाही.

काल डबा घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि भाऊजींची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. फ्रिज, चुंबक, नातेवाईक. ते नेहमीसारखे एका पायावर होते. "नव्वद" म्हटल्याबरोबर दुसरा पाय खाली आला.

"आधी किती होतं?"

"एकशे बासष्ट. भाऊजींना तोंडपाठ आहे. स्वतःचा वाढदिवस विसरतात."

"ताप कधी उतरला?"

"आजच, सकाळी."

"पोट दुखतं म्हणतायत का त्या?"

मी चपापले. "हो. तुम्हाला कसं कळलं?"

"उलटी? हात-पाय गार?"

मी होकाराची मान हलवली.

"लघवीला शेवटचं कधी गेल्या?"

मला काय ठाऊक! मी मावशी आहे, नळाचं मीटर नाही.

"तुम्ही जा आणि त्यांना घेऊन या. आत्ता. डबा राहू दे."

मी मनात म्हटलं, घ्या. मासा आयताच गळाला लागला. यांना यांच्या संशोधनात आणखी एक पोर हवंय. बगळाच तो! तरी निघाले.

पुढचं लिहायचं जिवावर आलंय, पण वही कोण वाचतंय. कोपऱ्यावर एक मोठी हिरवी गाडी उभी होती, आत कपाटंच कपाटं. फिरतं वाचनालय. गावोगाव जातं. मी नुसतं डोकावले. ड्रायव्हर म्हणाला, "शुक्रवारी निघतोय. पोरांना गोष्टी वाचून दाखवायला कोणीतरी हवंय. वाचता येतं का?" मी म्हटलं, "येतं, पण शेवटपर्यंत नाही." तो हसला. आत चढले. नकाशांचं एक पुस्तक होतं, केवढं तरी. किती वेळ गेला ते मी लिहिणार नाही.

घरी पोचले तेव्हा भाऊजी दारात. बगळ्याने बोलावलंय म्हटलं तर उसळलेच. "ताप उतरलाय! रिपोर्ट सोन्यासारखा आहे! आणि तूच सांगितलंस ना, कमी म्हणजे हलका? आता तुझ्या त्या पक्ष्याला काय पाहिजे?"

"मला काय माहीत! घेऊन या म्हणाले."

"काल एक, आज एक! तुझ्या बोलण्याला काही बूड आहे का?"

आम्ही दोघं भांडत होतो तेवढ्यात ताई खारूजवळ बसली. तिने पोरीचा तळहात स्वतःच्या गालाला लावला. उठली, पोरीला खांद्यावर टाकलं, पायात चपला सरकवल्या आणि आमच्या दोघांच्या मधून दाराबाहेर गेली. चपला दोन वेगवेगळ्या होत्या. अजूनही त्याच आहेत.

टॅक्सी फाटकाशी थांबली. भाऊजी उतरले आणि तिथेच उभे राहिले. आम्ही आत.

पुढचं सगळं भरभर झालं. सिस्टरला हातात नस सापडेना, नंतर सापडली. बगळा वाकून खारूला म्हणाला, "जरा टोचेल, रागवा हवं तर." ती रागवलीसुद्धा नाही, त्याचीच ताईला भीती वाटली. डेंगी आहे. या आजारात ताप उतरतो तेव्हाच खरी परीक्षा असते म्हणे. रक्तातलं पाणी नसांमधून बाहेर झिरपायला लागतं. "ताप उतरला म्हणजे आजार उतरला असं नसतं," बगळा ताईला म्हणाला.

"वाचेल ना हो?" ताईने विचारलं.

मला वाटलं, आता ते त्यांचं ठरलेलं म्हणणार. म्हणालेच. "अजून सांगता येत नाही. पण मी इथेच आहे."

मग मी त्यांना गाठलं. म्हटलं, "कमी होतं ना कोलेस्टेरॉल? मग कमी असलेला बरा ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, ते तरी बरं झालं असतं. म्हणाले, "मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ज्या मुलांचं तापात खाली जातं, त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवतो आपण."

तो टाकीवर चढणारा माणूस पडला असता तर फार बरं झालं असतं. निदान मी काहीतरी बघितलं असं झालं असतं.

म्हणजे कमी तेच वाईट! आणि कमी कोणी केलं? माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धावत फाटकाशी गेले. भाऊजी समोरच्या झाडाला टेकून उभे, बसची वाट बघत असल्यासारखे. मी वाटेल ते बोलले. "तुम्ही वाळवलंत तिला! तेल फवारून आणि पिवळं काढून काढून पोरीच्या रक्तातलं सगळं काढलंत. घ्या आता, लावा फ्रिजवर!" रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. भाऊजींना एरवी शब्दाला शब्द लागतो. काल नुसते खाली बघत राहिले. मी परत फिरले तेव्हा मला वाटलं, बरा मोडला तोरा.

गुरुवार

खारू तशीच आहे. सलाइन चालू. पोट फुगलंय. सिस्टर सारखी येते, नाडी बघते, लघवी मोजते. ताई बाकड्यावरून हलत नाही.

मी सकाळी दुकानातून लोण्याचं पाकीट आणलं, कुर्त्याच्या खिशात लपवून. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, तर आडातच घालावं म्हटलं. चमच्याच्या टोकावर घेऊन खारूच्या ओठांपाशी नेलं आणि बगळा मागे उभा.

"काय आहे ते?"

"औषध," मी म्हटलं.

"लोणी तुम्ही खा," ते म्हणाले आणि मला बाहेर घेऊन आले. या वेळी मी खिडकीकडे पाठ करून उभी राहिले.

म्हणाले, जेवणातलं तेल-लोणी बंद केल्याने आकडा असा एकदम निम्म्यावर येत नाही. आजारच त्याला खाली खेचतो, असं दिसतंय. का खेचतो? यकृत त्या गडबडीत सापडलेलं असतं, नसा गळत असतात, कदाचित विषाणूच आपल्या कामाला वापरत असेल. "कदाचित. सांगता येत नाही अजून." कमी कोलेस्टेरॉलमुळे आजार वाढतो, की आजार वाढल्यामुळे ते कमी होतं, हेच तर शोधायचंय. वरून लोणी चारून काही होत नाही.

"मग त्या आकड्याने तुम्हाला कळलं तरी काय?"

"काहीच नाही. फक्त चार प्रश्न विचारावेसे वाटले. तेही आधीचा आकडा होता म्हणून. नुसतं नव्वद ऐकलं असतं तर म्हटलं असतं, असेल यांचं नेहमीचंच. निरोगी मुलाचं कोलेस्टेरॉल कोणी तपासून ठेवत नाही. तुमच्याकडे कोणी ठेवलं होतं?"

"तिच्या बाबांनी."

"मला त्यांना भेटायला आवडेल."

"ते पायरी चढत नाहीत," मी म्हटलं. नेहमी हे सांगताना मला हसू येतं. आज नाही आलं, झोप झालेली नाही.

वॉर्डाच्या खिडकीतून झाड दिसतं. भाऊजी अजून तिथेच. शर्ट परवाचाच. खाली जाऊन त्यांना सांगावं की डॉक्टर असं असं म्हणाले, तुमचा दोष नाही. तीनदा उठले. एकदा सिस्टरने हाक मारली, एकदा लिफ्टमध्ये एका पोराच्या हातात कासव दिसलं (खरं नव्हतं), आणि एकदा जिन्याच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. काय म्हणायचं? परवा रस्त्याच्या मधोमध ओरडले ते परत गिळता येत नाही. आणि एवढ्याशा बोलण्याने पुरुष माणूस दोन दिवस झाडाखाली उभा राहतो होय? नाटकं.

शुक्रवार

पहाटेपासून नाडी सुधारली. हात कोमट झाले, ताईने मला धरून दाखवले, जणू मी विकत घेणार होते. बगळ्याने सलाइन कमी केलं. "आता?" ताईने विचारलं. ते थोडा वेळ एका पायावर उभे राहिले आणि म्हणाले, "आता सांगता येतं. बऱ्या होतायत त्या." ताई तोंडावर पदर धरून जी रडायला लागली ती थांबेना. सिस्टरने तिला चपला दाखवल्या, तेव्हा हसली.

दुपारी खारूने डोळे नीट उघडले. माझ्याकडे बघून म्हणाली, "माऊ, पिवळं."

"काय म्हणाल्या त्या?" बगळ्याने विचारलं.

"अंड्यातला बलक मागतेय."

"मग द्या की. औषध म्हणून नाही हं. मागतायत म्हणून."

कँटीनमध्ये पाव आहे, सूप आहे, अंडं नाही. कुठून आणावं याचा विचार करत खिडकीशी उभी राहिले. ती हिरवी गाडी फाटकासमोरून गेली. वाकड्या चाकाची आहे, लांबून कळतं. पाऊस लागला तर सगळी पुस्तकं भिजणार. मूर्ख लोक.

आणि झाडाखाली कोणी नव्हतं. गेले असतील घरी, बटाटे उकडायला. म्हटलंच होतं मी, नाटकं. पोरगी इथे बरी व्हायला लागली आणि बाप कंटाळून गेला. आता घरी जाऊन फ्रिजसमोर ताठ उभे राहतील, आणि मला ते सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

हे लिहितेय तोवर सिस्टर आली. म्हणाली, "खारूचं कोण? खालच्या जिन्यात एक गृहस्थ बसलेत मघापासून. एक पायरी चढतात, बसतात. घामाने भिजलेत. बरं वाटत नाही का विचारलं, तर म्हणाले, येतोय, येतोय. हात धरू म्हटलं तर धरू देत नाहीत, हातात डबा आहे." ताई उठायच्या आत कठड्याचा आवाज झाला.

भाऊजी आलेत. वॉर्डाच्या दारात उभे आहेत, चौकट धरून. दुसऱ्या हातात खारूचा शाळेचा डबा. झाकण उघडलंय, मला दाखवायला. आत उकडलेलं अंडं. न चिरलेलं, अख्खं.